उत्तराआधीच्या ओळी

'इंटरमिजिएट अल्जिब्रा' हा अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये शिकवला जाणारा एक विषय. आपल्या नववी-दहावीचं बीजगणित आणि अकरावीतला थोडा भाग एकत्र केला, की साधारण त्याची पातळी कळते. दोन चलांतली रेषीय समीकरणं, बहुपदींचे अवयव, अंशात आणि छेदात बहुपदी असलेले अपूर्णांक, करणी, वर्गसमीकरणं, संमिश्र संख्यांची तोंडओळख, फल ही कल्पना आणि शेवटच्या आठवड्यांत लॉगरिदम. शाळेत हे सगळं दोन-तीन वर्षांत हळूहळू मुरतं. कम्युनिटी कॉलेजात ते सोळा ते अठरा आठवड्यांच्या एका सत्रात पुरं करायचं असतं. आणि बाकावर बसलेली व्यक्ती पुष्कळदा नोकरी करणारी, घर चालवणारी, गणिताचं पुस्तक मिटून बरीच वर्षं झालेली असते.

ही कॉलेजं मुळात अशाच माणसांसाठी आहेत. १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पुढाकार घेऊन अशा प्रकारचं पहिलं सार्वजनिक कॉलेज सुरू केलं. ते आजही चालू आहे. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने देशभर अशी कॉलेजं उभारण्याची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेशाला गुणांची चाळणी नाही, वयाची मर्यादा नाही, आणि राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) ४६ डॉलर. पाच युनिटांचा बीजगणिताचा वर्ग २३० डॉलरमध्ये होतो. दोन वर्षं इथे शिकून पुढची दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात जाता येतं; परिचारिका, दंत-सहायक, मोटार मेकॅनिक असा थेट रोजगाराचा अभ्यासही करता येतो.

प्रवेश खुला असला, तरी आत गेल्यावर वाट अडवणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे हे बीजगणित. पूर्वी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची संगणकावर पातळी-चाचणी व्हायची. त्या तासाभराच्या चाचणीवरून कोणाला अंकगणितात, कोणाला प्राथमिक बीजगणितात, कोणाला इंटरमिजिएटमध्ये बसवलं जायचं. सर्वांत खालच्या पायरीवर पडलेल्याला पदवीच्या दर्जाच्या गणितापर्यंत पोहोचायला तीन-चार सत्रं लागत, आणि त्यातल्या बहुतेक सत्रांची युनिटं पुढे विद्यापीठात धरलीच जात नसत. २००९ पासून कॅलिफोर्नियाने दोन वर्षांच्या पदवीसाठीही इंटरमिजिएट अल्जिब्राची पातळी सक्तीची केली. म्हणजे संगीत शिकणाऱ्याला आणि बालवाडी शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बाईलाही लॉगरिदम यायलाच हवं, असं ठरलं.

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांचा अभ्यास करणारं एक संशोधन केंद्र आहे. तिथल्या थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सात राज्यांतल्या ५७ कॉलेजांमधल्या अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. गणिताच्या पूर्वतयारीच्या वर्गांकडे पाठवलेल्यांपैकी ती सगळी साखळी पार करणारे साधारण एक तृतीयांशच निघाले. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वर्गात बसून नापास झालेल्या किंवा वर्ग अर्ध्यात सोडलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा, पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न नोंदवलेल्यांची संख्या अधिक होती. माणसं गणितात हरत होती त्याहून जास्त दोन वर्गांच्या मधल्या मोकळ्या जागेत गळत होती. कामाची पाळी बदलली, मूल आजारी पडलं, गाडी बिघडली, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी कॉलेजात पोहोचणं जमेना. पुढच्या सत्रात बघू म्हटलं, आणि ते पुढचं सत्र आलंच नाही.

हायब्रिड वर्ग याच अडचणीवरचा उपाय म्हणून रुजला. अर्धे तास कॉलेजात, अर्धे घरी पडद्यावर. आठवड्यातल्या दोन खेपांची एकच होते. मूल सांभाळायला एकाच संध्याकाळी कोणाला तरी बोलवावं लागतं. सबंध ऑनलाइन वर्गात एकटं पडण्याची भीती असते, तीही इथे कमी. आठवड्यातून एकदा का होईना, शिक्षकाचं तोंड दिसतं.

पण यात वेळेचा एक हिशेब आहे आणि तो सत्राच्या पहिल्याच आठवड्यात नीट कळावा लागतो. अमेरिकी केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार एका युनिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान दोन तास अभ्यास धरलेला असतो. पाच युनिटांच्या विषयाला पाच तास वर्ग, दहा तास अभ्यास, एकूण पंधरा. हायब्रिडमध्ये पाचातले अडीच तास पडद्याकडे जातात, पण पंधराचे पंधराच राहतात. वेळापत्रकात मात्र छापलेलं असतं 'मंगळवार, संध्याकाळी ६ ते ८.३०'. ते वाचून विद्यार्थी मनात अडीच तासांची जागा करतो. उरलेले साडेबारा तास कुठल्याही वेळापत्रकात दिसत नाहीत. ते त्याने स्वतः शोधायचे असतात: पहाटे, जेवणाच्या सुट्टीत, मुलं झोपल्यावर. पूर्वी वेळ राखण्याची जबाबदारी निदान काही अंशी कॉलेजच्या घंटेवर होती. आता ती पूर्णपणे त्याच्यावर येते. आणि हायब्रिड वर्ग निवडणारा माणूस तो निवडतो, कारण त्याच्याजवळ वेळच नसतो. या रचनेतला खरा पेच हा आहे, आणि कॉलेजांनी तो प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

घरच्या भागात काय असतं? 'कॅनव्हास'सारख्या संगणकीय वर्गात शिक्षकाचे छोटे व्हिडिओ असतात. पाठ्यपुस्तक काही ठिकाणी विकतचं, काही ठिकाणी मोफत. टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' प्रकल्पाने इंटरमिजिएट अल्जिब्राचं संपूर्ण पुस्तक खुलं केलं आहे आणि त्याच्या प्रमुख लेखिका लिन मारेसेक यांनी स्वतः कॅलिफोर्नियातल्या सांता आना या कम्युनिटी कॉलेजात शिकवलं आहे. गृहपाठ 'मायलॅब मॅथ' किंवा 'अलेक्स' अशा प्रणालींवर करायचा असतो. अलेक्सच्या मुळाशी एक सुंदर गणिती विचार आहे. झाँ-पॉल द्वान्याँ आणि झाँ-क्लोद फाल्मान्य यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या 'ज्ञान-अवकाश' सिद्धांतानुसार, एखाद्या विषयातल्या कल्पना एकमेकींवर कशा टेकलेल्या असतात याचा नकाशा काढता येतो. मोजके प्रश्न विचारून विद्यार्थी त्या नकाशात नेमका कुठे उभा आहे आणि तिथून कोणत्या कल्पना शिकायला तो तयार आहे, याचा अंदाज संगणक बांधतो. तयारी नसलेलं प्रकरण तो पुढे करत नाही.

यंत्राचे गुण मान्य केले पाहिजेत. ते थकत नाही. अवयव पाडण्याचं एकच उदाहरण आकडे बदलून वीस वेळा देतं. उत्तर चुकलं की त्याच क्षणी सांगतं. आठवड्याने परत आलेल्या वहीतल्या लाल रेघेपेक्षा हे कितीतरी उपयोगाचं. आणि चाळिशीतल्या माणसाला ऋण संख्यांची बेरीज पुन्हा शिकताना वाटणारी लाज यंत्रासमोर वाटत नाही. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ मध्ये ब्लॅक्सबर्ग इथल्या एका बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेत शेकडो संगणक मांडून 'मॅथ एम्पोरियम' उघडलं, तेव्हापासून संगणकासमोर गणित शिकवण्याचा विचार देशभर पसरत गेला.

तरी यंत्राची एक मर्यादा आहे, आणि ती बीजगणिताच्या अगदी वर्मावर बोट ठेवते. एक उदाहरण घेऊ. अंशात 'क्ष² − ९' आहे आणि छेदात 'क्ष − ३'. सोपं रूप द्या. योग्य रीत अशी: अंशाचे अवयव (क्ष − ३)(क्ष + ३), मग अंशातला आणि छेदातला (क्ष − ३) हा समान अवयव जातो, उरतं क्ष + ३. आता एक विद्यार्थी वेगळंच करतो. क्ष²ला क्षने काटतो, क्ष उरला. ९ला ३ने काटतो, ३ उरले. वजाला वजाने काटतो, अधिक झालं. उत्तर क्ष + ३. एकही ओळ बरोबर नाही आणि उत्तर तंतोतंत बरोबर! यंत्र हिरवी खूण देतं. विद्यार्थ्याने क्षच्या जागी १ घालून ताळा पाहिला, तरी तो जुळतो: वजा ८ भागिले वजा २, म्हणजे ४, आणि १ + ३ सुद्धा ४. तो निश्चिंत होतो.

पुढच्या प्रश्नात अंशात 'क्ष² + ९' आणि छेदात 'क्ष + ३'. तो पुन्हा तेच काटतो आणि क्ष + ३ लिहितो. आता लाल खूण. इथे काहीच काटता येत नाही, कारण समान अवयवच नाही. क्ष १ धरला तर मूळ अपूर्णांक दहा भागिले चार, म्हणजे अडीच येतो आणि त्याचं उत्तर येतं चार. यंत्र त्याला दुसरं एखादं उदाहरण पायऱ्यांसकट सोडवून दाखवतं. ते तो वाचतो, पण त्याची स्वतःची चूक त्या पायऱ्यांमध्ये कुठेच नसते. आधीच्या प्रश्नात चाललेली रीत इथे का चालली नाही, हे त्याला सांगणारं कोणी नाही. त्याच्या मनात एकच समजूत घट्ट होते: गणित लहरी आहे, कधी चालतं, कधी चालत नाही.

महाराष्ट्रात बोर्डाची परीक्षा दिलेल्या कोणालाही पायरीला गुण असतात हे ठाऊक आहे. शेवटचं उत्तर चुकलं तरी सूत्राला अर्धा, किमती घालण्याला अर्धा, असे गुण मिळतात. आपण ती एक सवलत समजतो. खरं तर त्या पद्धतीत बीजगणिताविषयीची मोठी समज आहे: या विषयात शिकायचं जे आहे, ते एका ओळीतून पुढच्या ओळीत जाण्यात आहे. समान चिन्हाच्या दोन्ही बाजू खरोखर समान राहिल्या का, हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारायचा असतो. गृहपाठाची प्रणाली बहुतेक वेळा शेवटचा चौकोन तपासते. मधल्या ओळी घरच्या कच्च्या कागदावर राहतात आणि तो कागद टोपलीत जातो.

म्हणून हायब्रिड वर्गाची पारख मी एकाच गोष्टीवरून करीन: कॉलेजातल्या त्या अडीच तासांत विद्यार्थ्याच्या ओळी कोणी पाहतं का? शिक्षक फळ्याशी उभं राहून व्हिडिओतलंच व्याख्यान पुन्हा देत असेल, तर तो तास वाया गेला. कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमधल्या जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास व्याख्यान घरी आणि सराव वर्गात अशी उलटापालट केली. त्या कल्पनेचा खरा उपयोग बीजगणिताला होतो. विद्यार्थी तिघे-चौघे मिळून फळ्यावर सोडवतात, शिक्षक फिरत राहतो, एखाद्या ओळीशी थांबतो. 'इथे काय केलंत?' हा त्याचा सर्वांत मोलाचा प्रश्न असतो.

असा तास कसा रंगतो ते एका समीकरणावर पाहा. क्ष + ७ चं वर्गमूळ बरोबर क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ० मिळतं, आणि उत्तरं येतात ९ व २. नऊ घातलं तर १६ चं वर्गमूळ ४, उजवीकडेही ४. दोन घातलं तर डावीकडे ३ आणि उजवीकडे वजा ३. दोन हे उत्तर नाही! मग ते आलं कुठून? एकही आकडेमोड चुकलेली नसताना एक परकं उत्तर आत शिरलं. यंत्र सांगतं, 'मिळालेली उत्तरं मूळ समीकरणात घालून पाहा', आणि विद्यार्थी ते नियम म्हणून पाठ करतो. वर्गात मात्र कोणीतरी विचारतं, 'असं का?' मग फळ्यावर ३ आणि वजा ३ लिहून दोघांचेही वर्ग ९ होतात हे दिसतं. वर्ग करताना चिन्हाची माहिती पुसली गेली, आणि पुसलेल्या जागेतून ते उत्तर आलं. हा क्षण पडद्यावर एकट्याने क्वचितच सापडतो.

वर्गसमीकरणांच्या आठवड्यात प्रौढ विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात ते पूर्ण वर्ग करण्याच्या रीतीशी. ३क्ष² + ५क्ष = २ हे समीकरण घ्या. अमेरिकी पुस्तकात आधी सगळ्याला ३ने भागतात, मग पाच तृतीयांशाचा अर्धा, पाच षष्ठांश. त्याचा वर्ग पंचवीस छत्तिसांश. तो दोन तृतीयांशात मिळवायचा. ज्याला अपूर्णांकांचीच धास्ती आहे तो इथे पेन खाली ठेवतो. आता प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांची रीत पाहा. दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे १२ने गुणा: ३६क्ष² + ६०क्ष = २४. मधल्या सहगुणकाचा वर्ग, २५, दोन्हीकडे मिळवा. डावीकडे (६क्ष + ५) चा वर्ग, उजवीकडे ४९. म्हणून ६क्ष + ५ हे ७ किंवा वजा ७, आणि क्ष एक तृतीयांश किंवा वजा २. शेवटच्या भागाकारापर्यंत अपूर्णांक आलाच नाही. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत टिकली, कारण बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात ती श्रीधराचार्यांच्या नावासह दिली. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या संध्याकाळच्या वर्गात अपूर्णांकांना घाबरणाऱ्या विद्यार्थिनीला ही रीत दाखवायला शिक्षकाला पाच मिनिटं पुरतात. पण आधी ती कोणत्या ओळीशी थांबली, हे त्याने पाहिलेलं असावं लागतं.

आता पुराव्याकडे वळू. कोलंबियाच्या त्याच केंद्रातल्या शॅना जॅगर्स आणि डी शू यांनी व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या नोंदी अभ्यासल्या. संपूर्ण ऑनलाइन वर्ग घेणारे विद्यार्थी समोरासमोरच्या वर्गातल्यांपेक्षा जास्त प्रमाणात वर्ग सोडत किंवा नापास होत. व्हर्जिनियातल्या हायब्रिड वर्गांत मात्र ही घसरण दिसली नाही. वर्ग पुरा करण्याचं प्रमाण समोरासमोरच्या वर्गांइतकंच होतं. पुढे वॉशिंग्टनमधल्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून त्यांना दिसलं की ऑनलाइनचा फटका सर्वांनाच बसतो, पण मुलगे, वयाने लहान विद्यार्थी, कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि आधीचे गुण कमी असलेले यांना तो अधिक बसतो. म्हणजे ज्यांना आधाराची गरज जास्त, त्यांनाच एकटेपण जास्त महाग पडतं. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २००९ च्या अहवालात मिश्र पद्धतीचे निकाल नुसत्या वर्गापेक्षा सरस आढळले होते. पण त्यात विद्यार्थ्यांनी अनेकदा जास्त वेळ अभ्यास केला होता, हेही त्याच अहवालाने नमूद केलं. पुन्हा मुद्दा त्या साडेबारा तासांवरच येतो.

सॅन होजे, फ्रीमॉन्ट किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या वर्गांशी काम पडतं. एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला शिकता येतं, नोकरी मात्र सहजी करता येत नाही. तेव्हा नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमाची पूर्वतयारी म्हणून हे बीजगणित पुन्हा समोर येतं. कला शाखेतून आलेल्या, दहावीनंतर गणित सोडलेल्या व्यक्तीला यात कमीपणा वाटायचं कारण नाही. वर्गसमीकरणाशी तिची ओळख आधीच झालेली असते. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांसाठी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: पूर्णवेळ अभ्यासाच्या किमान बारा युनिटांत फक्त एकच ऑनलाइन वर्ग, जास्तीत जास्त तीन युनिटं, धरला जातो. प्रत्यक्ष हजेरी आवश्यक असलेला हायब्रिड वर्ग या मर्यादेत येत नाही. नाव नोंदवण्याआधी शिक्षकाला पत्र लिहून विचारावं: वर्गातल्या तासांत व्याख्यान असतं की सराव, हाताने सोडवलेले कागद तपासले जातात का, आणि परीक्षा कुठे बसून द्यायची. पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून वर्गाचा दर्जा बराच कळतो.

हा विषय सक्तीचा असावा का, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. मिसिसिपीतल्या नागरी हक्क चळवळीत घडलेले बॉब मोझेस यांनी १९८२ मध्ये 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला; गरीब कृष्णवर्णीय मुलांना बीजगणित मिळणं हा मतदानासारखाच हक्क आहे, असं ते मानत. उलट २०१२ मध्ये अँड्र्यू हॅकर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी बीजगणिताची गरजच काय, असा प्रश्न न्यूयॉर्क टाइम्समधून विचारला. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने पातळी-चाचण्यांऐवजी शाळेतले गुण पाहायला लावले. चाचण्यांवरून गणितात साधारण चारातला एक विद्यार्थी ठळकपणे चुकीच्या वर्गात बसतो, हे संशोधक ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी आधीच दाखवून दिलं होतं. २०२२ च्या एबी १७०५ ने पूर्वतयारीच्या वर्गांना आणखी आवर घातला. आता संगीताचा विद्यार्थी थेट संख्याशास्त्र घेतो, आणि ते योग्यच झालं. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याला बीजगणित टळत नाही. त्याला वरच्या वर्गाला जोडून मदतीचे तास दिले जातात. दुसऱ्या अनेक राज्यांत इंटरमिजिएट अल्जिब्रा आजही स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो.

मदतीच्या त्या जोडतासांनाही आता काही कॉलेजं हायब्रिडचं वेळापत्रक लावतात. तिथे माझी सूचना एवढीच, की पडद्यावर टाकायचं असेल तर व्याख्यान टाकावं. क्ष² + ९ ला क्ष + ३ ने काटणारा विद्यार्थी त्या तासांतही येणार आहे, आणि त्याचा कच्चा कागद पाहायला शिक्षक वर्गातच हवा.